जिथं बडी वाळते

२०१८ साल लागून जेमतेम आठवडा झाला होता. फुलवंता पिठाची परात कमरेवर घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पोचली, मोकळ्या हाताने तिने गच्चीचं दार ढकललं, आणि दार हललं नाही. दाराला कुलूप होतं.

नवं कोरं, पितळी कुलूप. तिने ते एकदा ओढून पाहिलं, मग दुसऱ्यांदा ओढलं, जणू पहिल्या वेळी त्याने तिला ओळखलं नसावं.

"काय झालं वं?" मागून नंदाबाईने विचारलं. ही शेजारीण दोन पायऱ्या खाली अडकली होती. तिच्या खांद्यावर जुन्या लुगड्याची घडी होती आणि हातात पाण्याचा गडवा.

"कुलूप हाय."

"कोनाच्या घरी?"

"माह्याच घरी," फुलवंता म्हणाली.

परातीतलं पीठ पहाटेपासूनचं होतं. आदल्या दिवशी भिजवलेली उडदाची डाळ पाट्यावर वाटून, तीत कोहळ्याचा कीस, आलं, मिरची घालून, दंड भरून येईस्तोवर फेसलेलं. पाण्यात टाकलेला थेंब तरंगला की पीठ झालं असं समजायचं. आजचा थेंब पहिल्या खेपेलाच तरंगला होता. असं पीठ कोणाची वाट पाहत नाही. ऊन चढायच्या आत त्याच्या बड्या, म्हणजे वाळवणाचे सांडगे, पडल्या पाहिजेत आणि पहिल्या दिवसाचं ऊन त्यांना पुरतं लागलं पाहिजे. नाहीतर ते आंबतं, आणि मग ना बडीच्या कामाचं राहतं ना भज्याच्या.

खालून सून आली. रुचि गोंदिया शहरातली, बोलणं मऊ. तिने साडीच्या पदराला उगाच हात पुसले.

"मांजी, चाबी ते दुकानात घेऊन गेले."

"काऊन?"

"काल सोलरवाल्या भैयाजींचा फोन आला होता. ते म्हणतात, वर डाळी-बिळी वाळवतात त्याची धूळ प्लेटांवर बसते. म्हणून युनिट कमी येऊन राहिले."

फुलवंताने परातीकडे पाहिलं, मग मागे वळून नंदाबाईकडे.

"वल्ल्या पिठाची धूळ उडते का वं, नंदा?"

"वल्ल्या पिठावरची तं माशीबी उडत नाई, बाई," नंदाबाई म्हणाली.

रुचिला हसू आलं, ते तिने गिळलं. फुलवंताला हसू आलं नाही. ती आली तशी परात घेऊन खाली उतरली. प्रत्येक पायरीवर तिचं पाऊल जरा जोरात पडत होतं.

फुलचूरच्या त्या गल्लीत पहिली स्लॅब फुलवंताच्या घराची. १९९९ साली टाकली, तेव्हा आजूबाजूला सगळी कवेलूंची, कौलारू घरं होती. त्या वर्षी थंडीत एकेक करून बाया तिच्या दारात आल्या. कवेलूवर बड्या टाकता येत नाहीत आणि अंगणात कोंबड्या राखत बसावं लागतं. "एक बाज टाकू दे वं तुह्या स्लॅबवर," म्हणत आल्या आणि पुढे दर वर्षी येत राहिल्या. दिवाळीचे दिवे उतरले की बारा-तेरा घरच्या बड्या त्या गच्चीवर पडायच्या. फुलवंताचा नवरा वारला त्या वर्षीही पडल्या; ती स्वतः त्या हिवाळ्यात वर गेली नाही, तरी तिच्या वाट्याच्या बड्या बायांनी टाकल्या, वाळवल्या आणि डब्यात भरून फळीवर ठेवून दिल्या.

पुढे गल्लीत सगळ्यांच्याच स्लॅबा झाल्या. नंदाबाईचीही झाली. तरी बाया फुलवंताकडेच यायच्या. "तुह्या इथलं ऊन गोड लागते," म्हणायच्या. ऊन कुठलं गोड? वर गेलं की सासू खाली राहायची, नवरा खाली राहायचा. कोणाचं पीठ पातळ झालं तर तिला तोंडावर हसायचं आणि खाली उतरल्यावर कोणाजवळ बोलायचं नाही, अशी ती बैठक होती.

त्या गच्चीवर ऊन कसं चालतं, हे फुलवंताला तोंडपाठ होतं. घराचं तोंड पूर्वेला, रस्त्याकडे. जिन्याची खोली त्याच अंगाला, दक्षिणेकडच्या टोकाला, आणि तिच्या डोक्यावर पाण्याची काळी टाकी. दिवाळी ते होळी त्या खोलीच्या उत्तरेला बडी टाकायची नाही, हे तिने पहिल्याच हिवाळ्यात दोन बाजा नासवून शिकून घेतलं होतं. सूर्य दक्षिणेला झुकला की ऐन दुपारी खोलीची आणि टाकीची सावली तिथे आडवी होते. बड्यांची जागा पार मागे, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात. तिथे उगवतीपासून मावळतीपर्यंत आड काहीच नाही.

आणि सोलर बसला होता तो नेमका ज्येष्ठात.

भुवनेश्वर, तिचा मुलगा, गावात कृषी केंद्र चालवायचा. बी-बियाणं, खतं, फवारणीचे पंप. एका सभेत त्याने ऐकलं की घराच्या छतावर वीज तयार करून ती सरकारी तारेत सोडता येते आणि तेवढी बिलातून वजा होते. गोंदियाचा भैयाजी ही कामं घ्यायचा. तो दुपारी बारा वाजता गच्चीवर आला. ऊन असं डोक्यावर की माणसाची सावली त्याच्या पायाखालीच दडलेली. भैयाजीने चारी बाजूला पाहिलं आणि मागच्या कोपऱ्याकडे हात केला.

"पीछे लगा देते हैं. मोकळी जागा आहे."

"मागं कायले?" भुवनेश्वर म्हणाला. "मागून कोन पाहते? रोडवरून दिसल्या पायजे, भैयाजी. दुकानात येणारा शेतकरी पाहीन, तवा तं पुसन."

भैयाजी गिऱ्हाइकाशी वाद घालणारा माणूस नव्हता. नऊ प्लेटा जिन्याच्या खोलीला लागून, उत्तरेकडे, रस्त्यावरच्या कठड्याशी बसवायचं ठरलं. फुलवंता तेव्हा तिथेच उभी होती, चहाचे कप घेऊन.

"थंडीत तिथी टाकीची सावली येते," ती म्हणाली.

भैयाजी दिलखुलास हसला. "अरे मांजी, गोंदियात उन्हाची काय कमी हाय? सावलीच भेटत नाई इथं!"

भुवनेश्वरही हसला. फुलवंताने कप गोळा केले.

पहिले चार-पाच महिने घरात कौतुकाला ऊत आला. भुवनेश्वरच्या मोबाइलवर रोजचे युनिट दिसायचे. बारा, तेरा, एखाद्या दिवशी चौदा. लाइट गेली की सोलरही बंद पडायचा, तेव्हा गल्ली टोमणे मारायची: "का गा भुवन, लाइटीसंग तुहा सूर्यबी बुडते का?" त्यावर भैयाजीने सांगितलेलं कारण तो ऐकवायचा. तार दुरुस्त करणाऱ्या लाइनमनला झटका लागू नये म्हणून तसं केलेलं असतं. फुलवंताला ते पटलं होतं. कोणाच्या तरी लेकराचा जीव वाचतो, तर घटकाभर पंखा बंद राहिला म्हणून काय झालं?

मग दिवाळी गेली आणि आकडा उतरायला लागला. अकरा, नऊ, आठ. पौषात तर सहा. तेवढ्यात सिव्हिल लाइनच्या कोण्या डॉक्टरकडे त्याच भैयाजीने बसवलेल्या तेवढ्याच प्लेटा अकरा देतात, असं कळलं. भुवनेश्वर रोज संध्याकाळी मोबाइल पाहायचा आणि कोणाशी तरी भांडल्यासारखा जेवायचा. भैयाजीने फोनवर विचारलं, घरचं कोणी वर जातं का? काही वाळवतं का? बस. दोष कुठे ठेवायचा ते ठरलं. बिनबोभाट वाहील अशी एक पाठ घरात होतीच.

त्या दिवशी बड्या अंगणात टाकल्या. अंगणात ऊन दोन तास टिकलं. संध्याकाळी फुलवंताने लुगड्यावरून एक बडी उचलली तर ती बोटाला चिकटून आली आणि तिला आंबूस वास होता. तिसऱ्या दिवशी सगळं लुगडं नंदाबाईच्या म्हशीपुढे झटकलं. म्हशीने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

त्या रात्रीच्या जेवणाला फुलवंताने मुलाला स्वतः वाढलं. भाकर ताटात पडली तेव्हा ताट वाजलं.

"कुलूप कोनाले इचारून लावलास?"

"माय, तुले समजत नाई. मशीन हाय ते. कचरा चालत नाई त्याले."

"बड्या कचरा व्हय?"

"तसं नाई म्हनून राहिलो मी."

"मंग कसं म्हनून राहिलास? वीस साल झाले, त्या स्लॅबवर मी काय करतो ते पाहून राहिलास. लहानपनी कच्च्या बड्या चोरून खायचास, तवा कचरा नोयता वाटत?"

"माय, सहा युनिट येऊन राहिले! सहा!"

"मी तं तवाच म्हनली होती. टाकीची सावली येते."

"टाकी केवढी अना प्लेटा केवढ्या!" भुवनेश्वर चिडून म्हणाला. "नऊ प्लेटा हायेत. एका-दोनावर सावली पडली तं सात तं चालतीन ना? हिशेब नाई का समजत?"

सात तरी का चालत नाहीत, हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की तिने खोटं सांगितलेलं नाही. उत्तर नसलं की राग कमी होतो म्हणतात. तिचा वाढला.

"चाबी दे."

"भैयाजीचा मेकॅनिक येईन सोमवारी. तो पाहीन, मंग देतो."

फुलवंता उठली आणि तिने डाळ भिजत घातली. दोन घरांना पुरेल एवढी.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुवनेश्वर दुकानात गेला आणि फुलवंता खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेऊन जिना चढली. मागे नंदाबाई आणि गल्लीतल्या आणखी चौघी, डोक्यावर पराती घेऊन, लग्नाला निघाल्यासारख्या. रुचि खालच्या पायरीवर आली.

"मांजी, ते ओरडतील."

"वरडू दे. त्याले वरडाले मीच शिकवलो. जन्मला तवा रडत नोयता, दाईनं पाय धरून उलटा केला होता."

पहिल्या घावाला कुलूप नुसतं वाजलं. दुसऱ्याला कडी वाकली. तिसरा घाव चुकून दाराच्या लाकडावर बसला आणि तिथे खोक पडली. चौथ्याला कुलूप तुटून पायरीपायरीने उड्या घेत रुचिच्या पायाशी जाऊन थांबलं. रुचिने ते उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

वर ऊन नुसतं सांडलं होतं. बायांनी मागच्या कोपऱ्यात बाजा ओढल्या, लुगडी पसरली. पहिली बडी मोठी टाकून तिला कुंकवाचं बोट लावलं. मग सगळ्यांचे हात चालायला लागले. फुलवंता मात्र एक लुगडं घेऊन पुढे गेली, रस्त्याच्या बाजूला, आणि ते प्लेटांच्या पायथ्याशी जिन्याच्या खोलीपासून थेट शेवटच्या प्लेटेपर्यंत लांबलचक अंथरलं. त्यावर ती एका सरळ रेघेत बड्या टाकायला लागली.

"तिथी कायले टाकतीस?" नंदाबाईने हाक दिली. "तिथी वाळत नाई, हे तुले ठावं हाय ना?"

"ठावं हाय म्हनूनच."

दुपारी भुवनेश्वर जेवायला आला, खोक पडलेलं दार त्याने पाहिलं, आणि तरातरा वर गेला. वर पाच बाया आपापल्या बाजेपाशी बसलेल्या. पाचीजणींनी त्याला लहानपणी कडेवर घेतलेलं. तो दारातच थबकला.

"सोमवारपावतर एकबी बडी हालवायची नाई," फुलवंता म्हणाली. "तुह्या मेकॅनिकले येऊ दे. धूळ पाहू दे त्याले."

सोमवारी अकराच्या सुमारास भैयाजी आला आणि त्याच्याबरोबर मेकॅनिक, यादोराव नावाचा. चाळिशीचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. मूळचा देवरीकडचा. खिशात टेप, कानावर पेन्सिल. त्याने एका प्लेटेवर बोट ओढलं, बोट पाहिलं, फडक्याला पुसलं.

"बघा," भैयाजी लगेच म्हणाला. "धूळ हाय की नाई?"

"रोडची हाय," यादोराव म्हणाला. "एवढी सगळीकडंच राहते. एवढ्यानं अर्धं नाई होत."

"मंग म्हातारीच्या या बड्या..."

"म्हातारीचं म्हातारी सांगते," फुलवंता मधेच म्हणाली. ती मागच्या कोपऱ्यातून आली होती, ओटीत मूठभर बड्या घेऊन. त्यातली एक तिने यादोरावच्या तळहातावर ठेवली. "मोडा."

त्याने मोडली. टक् असा आवाज आला, आत पांढरीशुभ्र, जाळीदार.

"चार दिवसांची व्हय. आता ही." ती वाकली आणि प्लेटांखालच्या लुगड्यावरची, खोलीच्या भिंतीजवळची पहिली बडी तिने उचलली. "हीबी चार दिवसांचीच. एकाच परातीतली."

ही मोडली नाही. चेपली. आतलं पीठ बोटांना लागलं, कडेला हिरवट बुरशी धरली होती. फुलवंता रेघेने पुढे सरकत गेली. दुसरी बडी, पाचवी बडी, दहावी. प्रत्येक वेळी ती एक बडी उचलायची, त्याच्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, "मोडा." तिच्या आवाजात विनंती नव्हती. तिसऱ्या प्लेटेच्या पुढे बड्या जरा टणक लागायला लागल्या. सहाव्या प्लेटेपाशी पहिली बडी टक् करून मोडली.

यादोराव उकिडवा बसला. त्याने ओल्या बड्यांची रेघ पाहिली, मग हळूच मान वर करून जिन्याची खोली पाहिली, खोलीवरची टाकी पाहिली. टाकीची गोल सावली दुसऱ्या प्लेटेवर बसली होती, मांजर बसावं तशी. त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि सिमेंटवर एक रेघ मारली.

"किती वाजता येते ही?"

"या महिन्यात दहाले पह्यल्या प्लेटेवर चढते. दोनले उतरते. माघ सरला की हटते. उन्हाळ्यात येतच नाई."

"अरे, लेकिन दोन-तीन प्लेटांवर आली तं काय होते?" भैयाजी म्हणाला. "नऊ आहेत."

"सगळ्या एका तारेत ओवल्या आहेत ना, भैयाजी." यादोराव उठला नाही. "एका दोरात बांधलेली बैलांची लांब रांग समजा. मधला एक बसला की सगळ्यांचे पाय अडतात. हे दहा ते दोन म्हणजेच तर दिवसभराची कमाई." मग त्याने विचारलं, "इथं बसवायला सांगितलं कोणी?"

भैयाजीने भुवनेश्वरकडे पाहिलं. भुवनेश्वर रस्त्याकडे पाहत राहिला. मागच्या कोपऱ्यातून नंदाबाईचा आवाज आला, "रोडवरून दिसाले पायजे होत्या, बाप्पा! नवरीवानी!" आणि बाया पदर तोंडात घेऊन हसल्या. भुवनेश्वरचे कान लाल झाले. फुलवंता हसली नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिची छाती मोकळी झाली होती, आणि तो राग होता की आनंद, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

"मग हलवाव्या लागतील," यादोराव म्हणाला. तो उठून उभा राहिला. त्याने भैयाजीला विचारलं नाही, भुवनेश्वरला विचारलं नाही. तो तिच्याकडे वळला. या घरात तिला इतक्या आदराने कोणी काही विचारून बरेच दिवस झाले होते. "मावशी, या स्लॅबवर बारा महिने, दिवसभर खुलं ऊन कुठं असते?"

मागच्या बाजूला नंदाबाई खोकली. नुसतीच, घसा खवखवत नसताना.

"अरे, त्यांना काय विचारतो?" भैयाजी म्हणाला. "त्यांचा अंदाज असते. हम मोबाइलपे देख लेंगे."

"अंदाज?" फुलवंता म्हणाली.

ती तरातरा चालत गेली. बायांच्या मधून, दोन बाजांच्या मधून, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली आणि तिने टाच सिमेंटवर आपटली.

"इथी! दिवाळी असो की होळी. सकाळी सातपासून तं पाच वाजेपावतर. ना टाकी, ना झाड, ना कोनाची भिंत. इथी टाकलेली बडी चवथ्या दिवशी वाजली नाई, तं माही जीभ कापून द्या. वीस सालात एक बाज नाई नासली इथी. एक!"

यादोराव तिच्यापाशी आला. त्याने उन्हाकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, कठड्याकडे पाहिलं आणि मान हलवली, पटल्याची. मग खिशातला टेप काढला. टेपची पट्टी सर्रकन बाहेर आली.

"मावशी," तो म्हणाला, "ही बाज जरा सरकवता का? माप घ्यायचं हाय."

फुलवंताची टाच अजून तिथेच होती. तिने खाली पाहिलं, बाजेकडे पाहिलं, मग टेपच्या पट्टीकडे, जी तिच्या पायाला लागून थांबली होती. तिने बाजेची एक कड धरली. दुसरी नंदाबाईने येऊन धरली.

"काऊन सांगतलीस वं?" बाज उचलताना नंदाबाई खालच्या आवाजात म्हणाली. "माहीत नाई म्हनायचं होतं."

फुलवंता बाजेवरच्या बड्या सांडू नयेत म्हणून जपून मागे सरकत होती.

संक्रांतीच्या आठवड्यातच प्लेटा मागे गेल्या. माघ लागला तसा आकडा दहावर आला, चैत्रात चौदावर. भुवनेश्वरने नवं कुलूप आणलं नाही. उलट एकदा जेवताना म्हणाला, "माय, आता जा वर, केव्हाबी जा. कोनी नाई अडवत." फुलवंताने त्याच्या ताटात भाकर ठेवली. त्या वेळी ताट वाजलं नाही. प्लेटा रस्त्यावरून दिसत नाहीत याची रुखरुख त्याला राहिली, म्हणून त्याने फाटकावर 'सौर ऊर्जेवर चालणारे घर' अशी पाटी रंगवून घेतली. ती अजून आहे, फक्त 'सौर'चा औकार पुसट झाला आहे.

पुढे जिथे प्लेटा होत्या तिथे पुढच्या हिवाळ्यात फुलवंताने एक बाज टाकून पाहिली. दहाला सावली आली. बड्यांना बुरशी धरली. तिने बाज आवरली. रुचि गोंदियाच्या बाजारातून बड्यांची पिशवी आणायला लागली. फुलवंता ती भाजी खाते आणि त्याबद्दल काही बोलत नाही. तुटलेलं कुलूप रुचिने कुठे ठेवलं, हे तिला सासूने कधी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

भैयाजी दोन वर्षांत रायपूरला गेला आणि फरशीच्या धंद्यात पडला. जाईपर्यंत तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा की फुलचूरची सावली त्यानेच पकडली.

गल्लीतल्या बाया नंदाबाईच्या स्लॅबवर जायला लागल्या, एक हिवाळा. मग नंदाबाईच्या पोराने सोलर घेतला. काम यादोरावचंच होतं. त्याने एव्हाना भैयाजीला सोडून स्वतःचं सुरू केलं होतं. पुढे नंदाबाई धाकट्या पोराकडे नागपूरला फ्लॅटमध्ये राहायला गेली. फोनवर विचारलं तर सांगते की तिथे बाल्कनी आहे आणि बाल्कनीला जाळी आहे.

यादोरावचं चांगलं चाललं. देवरीपासून सौंदडपर्यंत त्याचं नाव झालं. त्याने बसवलेल्या प्लेटांचा आकडा थंडीतही पडत नाही, म्हणून लोक त्याची वाट पाहतात. त्याला मोबाइलवर सूर्याचा रस्ता पाहावा लागत नाही, असंही म्हणतात.

२०२२ च्या उन्हाळ्यात फुलवंताच्या लेकीच्या मुलीचं, हर्षिताचं, लग्न सौंदडला झालं. पंगतीत फुलवंताच्या शेजारी जमुनाबाई म्हणून एक बाई बसली होती, त्याच गावची, नवरदेवाच्या नात्यातली. कढीत बडी आली तशी ती बोलायला लागली.

"विकतची व्हय. घरची कुठून राहीन आता? आमच्या स्लॅबवर आला तो यादोराव. आला तं पह्यले बायाईलेच बोलावते. 'बाई, बड्या कुठी वाळवता?' मले वाटलं, केवढा मायाळू मानूस, घरची बडी मागून राहिला. दाखवली मी जागा. दुसऱ्या दिवशी तिथीच लोखंड गाडलं ना, बाई! आता सगळ्या गावात तसंच. कोन अवदसेनं शिकवलं त्याले का जानो."

"रागात सांगतली असन," फुलवंता म्हणाली.

"राग कायचा! जीभ झडो तिची."

"झडो," फुलवंता म्हणाली, आणि वाढणाऱ्याला हात करून जमुनाबाईच्या द्रोणात आणखी कढी वाढायला सांगितलं.